उरलेली कडी

१५८३ साली विजापूरहून एक विद्वान अकबराच्या दरबारात पोहोचला. मीर फतहुल्लाह शिराझी. मूळचा इराणातल्या शिराझचा, अली आदिलशहाच्या बोलावण्यावरून दख्खनला आलेला. अली आदिलशहा १५८० मध्ये वारला आणि पुढे अकबराने शिराझीला उत्तरेत बोलावून घेतलं. गणित, ज्योतिष, तर्कशास्त्र, तफसीर यांत त्याची गती होती. इलाही सन नावाची सौर कालगणना त्याने बसवली, महसुलाच्या हिशेबाची घडी नीट केली, आणि मदरशांच्या अभ्यासक्रमात गणित, तर्क, तत्त्वज्ञान यांना मोठी जागा मिळवून दिली. आपल्याकडच्या मदरशांत आजही जो ‘माकूलात’चा भाग शिकवला जातो, त्याच्या मुळाशी या माणसाचं नाव घेतात.

पण मला तो आवडतो तो आणखी एका कारणासाठी. अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त बंदुका आणि तोफांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. त्यांत एका तोफेची नोंद आहे. कूच करताना ती सहज सुटी करता यायची आणि गरज पडेल तिथे पुन्हा नीट जोडता यायची. एका वातीने सतरा नळ्या एकदम उडतील अशी जोडतोफ आणि एकाच वेळी सोळा नळ्या साफ करणारं बैलांवर चालणारं यंत्रही त्यात आहे. अबुल फझल या सगळ्याचं श्रेय बादशहाला देतो. दरबारची ती रीतच होती. बरेच इतिहासकार मात्र या यंत्रांमागे शिराझीचं डोकं मानतात.

त्याच दरबारातला बदायुनी शिराझीवर नाराज असायचा. त्याच्या तक्रारी मजेशीर आहेत. एवढा मोठा आलिम असून हा अमीर-उमरावांच्या सात-आठ वर्षांच्या पोरांना मुळाक्षरं शिकवत बसतो. शिकारीत खांद्यावर बंदूक, कमरेला दारूची पिशवी अडकवून बादशहाच्या घोड्याबरोबर धावतो. बदायुनीला यात विद्वत्तेचा अपमान दिसला. मी शाळामास्तर आहे, मला तसं वाटत नाही. तर्कशास्त्र शिकवणारा, पोरांना अलिफ-बे गिरवायला लावणारा आणि बंदूक उघडून परत जोडणारा माणूस एकच होता, याचं मला अप्रूप वाटतं.

सुटी होणारी तोफ एवढी महत्त्वाची का, हे दख्खनच्या माणसाला सांगावं लागत नाही. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ बघा. १५४९ साली ती अहमदनगरला ओतली गेली. ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी, म्हणजे तुर्की मुलखातला. वजन सुमारे ५५ टन. तोंडाचा आकार जबडा उघडलेल्या सिंहाचा, आणि त्या जबड्यात हत्ती. ही तोफ परंड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ साली ती विजापूरला आणली आदिलशाहीतल्या मुरार जगदेव या ब्राह्मण सरदाराने. दहा हत्ती आणि चारशे बैल लागले असं परंपरा सांगते. एकसंध धातूचा डोंगर होता तो, तुकडे करून नेण्याची सोय नव्हती. आणि पुढे १८५४ साली इंग्रजांनी ती लिलावात काढली तेव्हा बोली लागली दीडशे रुपयांची. सुदैवाने विक्री रद्द झाली.

आता आपल्या कर्जतकडे या. कर्जत तालुक्यातला पेठचा किल्ला, म्हणजे कोथळीगड, आकाराने लहान, पण मराठ्यांचा तो शस्त्रसाठ्याचा किल्ला होता. १६८४ मध्ये तो मोगलांच्या हाती गेला तेव्हा ते नुकसान मोठं मानलं गेलं. पेठ गावात आजही एक तोफ पडलेली दिसते. ती डोंगर चढवून नेणाऱ्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. त्या वाटेने चढताना दम लागला की मला शिराझीची सुटी तोफ आठवते.

हे सगळं मी लिहायला घेतलं तेव्हा बायको म्हणाली, “मुसलमान माणसाने बंदुकीवर लेख लिहायचा? आजच्या दिवसांत?” तिचा प्रश्न रास्त आहे. म्हणून आधीच सांगतो, मला बंदुकीचा शौक नाही. माझ्या घरात बंदूक नाही, कधी नव्हती. या विषयाकडे मी वळलो तो माथेरानच्या एका चाचांमुळे.

चाचांचं वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या वडिलांनी पन्नाशीच्या दशकात परवान्यावर एक बारा बोअरची बंदूक घेतली होती. बेल्जियममध्ये बनलेली ब्राउनिंग, अर्धस्वयंचलित. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली, पण परवाना वारशाने चाचांकडे आला. निवडणूक लागली की आदेश येतो, ते बंदूक चौकीत जमा करतात, निकाल लागल्यावर परत आणतात. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन फेऱ्या झाल्या. परत आणलेल्या बंदुकीवर माथेरानच्या पावसाने कुठे कुठे तांब चढवला होता. पूर्वी वर्षाला एकदा मुंबईचा एक बंदूकसाज ती उघडून, तेल-पाणी करून द्यायचा. तो वारला, मुलाने दुकान बंद केलं. म्हणून चाचांनी ठरवलं, आता आपणच उघडायची. इतकी वर्षं घरात असलेली वस्तू ते पहिल्यांदा सुटी करणार होते. बंदुकीबरोबरची इंग्रजी पुस्तिका वडिलांनी जपून ठेवली होती. ती वाचायला मास्तर हवे होते.

दस्तुरी नाक्यावरून लाल मातीची वाट तुडवत मी गेलो. चाचांनी आधी परवाना काढला, प्लॅस्टिकच्या पाकिटातला, आणि चटईवर ठेवला. “पहिले कागद, मास्तर. मग बंदूक.” ही सवय त्यांना कोणी शिकवली हे मी विचारलं नाही. मग त्यांनी खटका मागे ओढून नळीचं घर रिकामं असल्याचं पाहिलं, बोट घालून पाहिलं, भाच्यालाही पाहायला लावलं. घरात काडतूस एकही नव्हतं. मी हात लावला नाही, फक्त पुस्तिका धरून बसलो.

सुटं करणं झपाट्याने झालं. पुढची टोपी फिरवली, लाकडी पुढा निघाला, नळी निघाली, नळीखालच्या नळकांड्यावरची जाड स्प्रिंग निघाली. प्रत्येक भाग निघाला की पुढचा कुठला काढायचा ते दिसतच होतं. भाच्याने सगळं जुन्या उर्दू वर्तमानपत्रावर मांडलं, पुसलं, तेल दिलं. मग उलट्या क्रमाने चढवायला घेतलं. स्प्रिंग दाबून नळी बसवताना दोघांच्या कपाळाला घाम आला, पण बसली. टोपी आवळली. खटका ओढला तर नेहमीसारखा आवाज आला. बंदूक पूर्ण दिसत होती. आणि वर्तमानपत्रावर एक पोलादी कडी उरली होती.

“जादा की होगी,” भाचा म्हणाला.

चाचा म्हणाले, “कंपनीवाला जादा कुछ नहीं देता, बेटा. मास्तर, पढ़ो.”

मी वाचलं. त्या कडीची गोष्ट अशी. या बंदुकीत बार उडाला की नळी आणि तिच्या मागची खिटी दोन्ही एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत मागे सरकतात. मग नळी आधी पुढे येते, रिकामं काडतूस बाहेर पडतं, आणि खिटी पुढे येताना नवं काडतूस आत ढकलते. हे सगळं धक्क्याच्याच जोरावर. पण काडतूस जड असेल तर धक्का जास्त, हलकं असेल तर कमी. मग एकच स्प्रिंग दोन्हींना कशी पुरेल? त्यासाठी ही कडी. तिची एक कड उतरती आहे. जड काडतुसांसाठी कडी स्प्रिंगच्या पुढे, उतरती बाजू काशाच्या चिमट्याकडे करून ठेवायची. धक्का बसला की ती चिमट्याला आवळते आणि घर्षणाने वेग मारते. हलक्या काडतुसांसाठी तीच कडी काढून स्प्रिंगच्या मागे, बंदुकीच्या मुख्य पेटीला टेकवून ठेवायची. तिथे ती आवळत नाही, नुसती बसून राहते. चुकीच्या जागी राहिली तर हलकं काडतूस अडकतं. जड काडतुसाला ती नसलीच तर नळी दणका देत मागे आपटते, आणि हळूहळू पुढचं लाकूड तडकतं.

म्हणजे कडी न लावताही बंदूक बंद झाली असती, कपाटात शोभली असती, खटक्याचा आवाजही बरोबर आला असता. खोट कळली असती ती बार उडाल्यावर.

चाचांनी सगळं पुन्हा सोडवलं. दुसऱ्यांदा जोडताना ते प्रत्येक भाग हातात घेऊन विचारत होते, “ये क्या करता है?” मी वाचायचो, ते बसवायचे. पहिल्यांदा दहा मिनिटं लागली होती, दुसऱ्यांदा पाऊण तास. या वेळी कागदावर काही उरलं नाही.

ही बंदूक ज्याने रचली त्या जॉन ब्राउनिंगची हकिकतही सांगण्यासारखी आहे. तो अमेरिकेतल्या युटामधला, बंदूकसाजाचा मुलगा. बापाच्या दुरुस्तीच्या दुकानात लहानाचा मोठा झाला. ही रचना त्याची १८९८ च्या सुमाराची. विंचेस्टर कंपनीने एकरकमी पैशांऐवजी विक्रीतला वाटा द्यायला नकार दिला. रेमिंग्टनकडे गेला, तर भेटीची वाट पाहत बसलेला असतानाच त्या कंपनीचा प्रमुख हृदयविकाराने वारला. मग तो बोटीने बेल्जियमला गेला आणि एफएन कारखान्यात ही बंदूक बनू लागली. १९०३ च्या आसपास ती बाजारात आली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. बापाच्या दुकानात बिघडलेल्या बंदुका सोडवून जोडणाऱ्या मुलाने हे केलं.

आपल्याकडे अशी दुकानं नव्हती का? होती. आईन-ए-अकबरीत उस्ताद कबीर आणि हुसैन या कारागिरांची नावं आहेत. नळी लोखंडाच्या पत्र्याची सरळ गुंडाळी न करता पिळून कशी घडवायची, म्हणजे ती फुटत नाही, याचं वर्णन आहे. प्रत्येक बंदुकीवर कारागिराचं नाव, ठिकाण आणि साल कोरायची पद्धत आहे. कारागिराचं नाव कोरणारी राजवट कारागिराला ओळखत होती, एवढं तरी यातून कळतं. आणि अकबराच्या लाडक्या बंदुकीचं नाव काय होतं? संग्राम.

मग हे ज्ञान गेलं कुठे? त्याला कारणं अनेक आहेत. कारखान्यात बनलेला स्वस्त माल हे त्यांतलं एक. पण एक साल मी मुलांना पाठ करायला लावतो: १८७८. त्या वर्षी व्हाइसरॉय लिटनच्या काळात दोन कायदे आले. एक देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर, ज्यातून इंग्रजी वृत्तपत्रं वगळली होती. दुसरा शस्त्रांचा, ज्यात हिंदी माणसाला परवाना लागायचा आणि युरोपियनाला सूट होती. पहिला कायदा रिपनच्या काळात रद्द झाला. दुसरा राहिला, आणि त्याची जागा घेणारा नवा कायदा यायला १९५९ उजाडलं. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता, हे आज फारसं कुणाला माहीत नसतं. आज बंदुका मोकळ्या कराव्यात असं मी म्हणत नाही. परवाना हवाच, कडक हवा. मुद्दा कारागिरीचा आहे. ज्या वस्तूला हात लावणं हाच संशय ठरतो, ती उघडून पाहणारे हात पिढी-दोन पिढ्यांत कमी होतात. माथेरानच्याच मातीतल्या भाई कोतवालांनी १९४२ मध्ये आझाद दस्ता उभा केला, तेव्हा त्यांनी मुंबईला जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडायचा मार्ग धरला. नाभिक कुटुंबातला हा वकील २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसह गोळीला बळी पडला.

आता भाषेकडे येतो, कारण माझा खरा धंदा तो. चाचांची बंदूक सुटी झालेली पाहताना मी मनात एकेक मराठी शब्द सुटा करत होतो. बंदूक: अरबी बुंदुक, म्हणजे कवचाचं एक फळ आणि मग त्या आकाराची गोळी. तोफ: तुर्की. बरकंदाज, गोलंदाज, शिलेदार, दस्ता: फारसीच्या वाटेने आलेले. काडतूस आणि पिस्तूल: पोर्तुगीज. गारदी: फ्रेंच ‘गार्द’पासून. आणि घोडा, चाप, नळी, खिटी हे आपल्या घरचे. मराठी बंदूक अशी पाच-सहा मुलखांच्या सुट्या भागांतून जोडलेली आहे आणि तीनशे-चारशे वर्षं विनातक्रार चालते आहे. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, त्यात शस्त्रांचाही वर्ग आहे. तो राज्यकर्त्याचा प्रयत्न होता, त्याला त्याचा अर्थ होता. तरीही लोकांनी बोलताना तोफ ती तोफच म्हटली. आज गोलंदाज म्हटलं की कुणाला तोफखाना आठवत नाही, क्रिकेट आठवतं. शब्द इतका घरचा झाला.

गारदी शब्दाचं मात्र वाईट झालं. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून गारद्यांनी केला, आणि तेव्हापासून मराठीत गारदी म्हणजे विश्वासघातकी मारेकरी. त्या गारद्यांचा म्होरक्या सुमेरसिंग होता हे मुलांना सांगितलं की ती चमकतात. त्यांच्या मनात गारदी म्हणजे मुसलमान असं बसलेलं असतं. त्याच्या बारा वर्षं आधी, १७६१ मध्ये, पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या बाजूने तोफा आणि कवायती पायदळ घेऊन लढला तो इब्राहीमखान गारदी. फ्रेंचांच्या हाताखाली शिकलेला. समोर अब्दाली होता, धर्माचा वास्ता देणारे लोक होते, तरी तो मराठ्यांना सोडून गेला नाही. जखमी अवस्थेत पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत मारला गेला. पानिपतची गोष्ट त्याच्याशिवायही सांगता येते. अनेकदा तशीच सांगितली जाते. लढाई घडते, भाऊ पडतात, विश्वासराव पडतात, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. सगळं जागच्या जागी वाटतं. फक्त वर्तमानपत्रावर एक कडी उरलेली असते.

माथेरानच्या गाडीचंही तसंच. पर्यटक तिला ‘इंग्रजांची गाडी’ म्हणतात. ती बांधली अब्दुल हुसैन आदमजी पीरभॉय यांनी, १९०४ ते १९०७ मध्ये, वडील सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर. खर्च सोळा लाख रुपये. हे दाऊदी बोहरा कुटुंब. आदमजींनी लहानपणी रस्त्यावर काड्यापेट्या विकल्याचं सांगतात. दोन फुटांचा रूळ, नेरळपासून सुमारे २१ किलोमीटर चढण. जर्मनीतल्या ओरेनस्टाइन आणि कोप्पेल कंपनीची इंजिनं घेतली, ज्यांच्या टोकाकडच्या चाकांना आडवं सरकायला जागा ठेवलेली होती. एरवी तेवढ्या वळणांत इंजिन रुळावर राहिलं नसतं. चाचांची कडी आवळायचं काम करते, इंजिनाच्या चाकांची खुबी सैल राहण्यात आहे. कुठे आवळायचं आणि कुठे सैल सोडायचं, हे प्रत्येक भागाचं काम कळल्याशिवाय ठरवता येत नाही. २०१९ च्या पावसाने हा लोहमार्ग उखडला. तो पुन्हा जोडून नेरळहून गाडी सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडलं. उखडायला एक पाऊस पुरला, जोडायला तीन वर्षं गेली.

आपल्या समाजात दोन तक्रारी मी नेहमी ऐकतो. एक, आमचा इतिहास पुस्तकातून काढला. दुसरी, आमची पोरं गॅरेजात जातात. पहिली तक्रार खरी आहे, पण तिचं उत्तर नुसत्या रागात नाही. कडी कुठे बसते हे दाखवावं लागेल, पुरावा हातात घेऊन, मराठीत, सगळ्यांना कळेल असं. आणि कडी बसवताना बाकीचे भाग फेकायचे नाहीत. मलिक-ए-मैदान रूमीने ओतली हे सांगताना मुरार जगदेवाने ती आणली हेही सांगायचं. दुसऱ्या तक्रारीबद्दल माझं म्हणणं असं, की गॅरेजात जाणं हा दोष नाही. गॅरेजातल्या पोराच्या हातात पुस्तिका नसणं हा दोष आहे. चाचांचा भाचा हाताने तरबेज होता. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि त्या पुस्तिकेचं मराठी किंवा उर्दू कुणी केलेलं नव्हतं. मला वाचता येत होतं, पण स्प्रिंग दाबायची कशी हे मला कधी जमलं नसतं. शिराझीत हे दोन्ही एकत्र होतं म्हणून बदायुनीला तो खटकला. आपल्या शाळांनी ते दोन्ही एकत्र आणायचं ठरवलं तर फार मोठा खर्च येणार नाही. आयटीआयच्या विषयांची सोपी मराठी-उर्दू पुस्तकं, आणि सातवी-आठवीच्या वर्गात महिन्यातून एक तास काहीतरी उघडून परत जोडायचा. सायकलचं पुढचं चाक चालेल, जुना पंखा चालेल. अट एकच, काही उरता कामा नये, आणि प्रत्येक भाग काय करतो ते मराठीत आणि उर्दूत सांगता आलं पाहिजे.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात जुन्या यंत्राची पुस्तिका, कुठल्या कारागिराची वही, सनद किंवा परवाना असा कागद असेल तर तो रद्दीत घालू नका. त्याचे फोटो काढून ठेवा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याबद्दल विचारा, आणि ती जे सांगतील ते तारखेसह लिहून ठेवा. चाचांच्या पुस्तिकेची पानं मी आता मराठीत उतरवतो आहे. एकूण मोजकीच पानं आहेत. ‘खटका’ आणि ‘खिटी’ यांत फरक कसा करायचा यावर दोन दिवस गेले. अखेर नेरळच्या एका वेल्डरने सोडवून दिला.